एकाच तेजोमेघातील ऑक्सिजनची तीन उत्तरे : कोणते ग्राह्य धरावे?

प्रश्न : शिकाऊ_वेधक

नमस्कार. त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ या सर्पिल दीर्घिकेमधील एका तारानिर्मिती-मेघाचा वर्णपट मी सार्वजनिक संग्रहातून उतरवून घेतला आहे आणि गेले काही आठवडे त्यातून ऑक्सिजनचे प्रमाण काढण्याचा प्रयत्न करीत आहे. हा मेघ एनजीसी ६०४ सारखा विशाल आणि प्रसिद्ध नाही. केंद्रापासून मध्यम अंतरावर असलेला, बऱ्यापैकी उजळ असा तो एक एच-टू प्रदेश, म्हणजे तरुण ताऱ्यांच्या प्रारणाने आयनीभूत झालेल्या हायड्रोजनचा मेघ आहे. अडचण वर्णपट मिळवण्याची नसून उत्तरांची आहे, कारण एकाच वर्णपटातून मला तीन उत्तरे मिळाली आणि त्यांतील एक इतर दोहोंपासून फारच दूर आहे.

प्रथम मी एच-अल्फा आणि एच-बीटा या हायड्रोजनच्या रेषांचे गुणोत्तर पाहिले. धूळ नसती तर ते सुमारे २.८६ यायला हवे होते, प्रत्यक्षात ३.४ आले. त्यावरून धुळीमुळे झालेली घट काढून सर्व रेषा दुरुस्त केल्या. एच-बीटाची तीव्रता १०० धरली, तर एकदा आयनीभूत (म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या) ऑक्सिजनची ३७२७ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग, तरंगलांबीचे एकक) ची जोडरेषा २०० आहे, दोनदा आयनीभूत ऑक्सिजनच्या ४९५९ आणि ५००७ या रेषा मिळून ४०० आहेत, आणि त्याच आयनाची ४३६३ ही दुबळी रेषा १.८ आहे. नायट्रोजनची ६५८४ ही रेषा २४ आहे. गंधकाच्या ६७१६ आणि ६७३१ या रेषांच्या गुणोत्तरावरून इलेक्ट्रॉन घनता दर घन सेंटिमीटरला शंभराच्या आतच येते, त्यामुळे घनतेचा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

४३६३ रेषेवरून इलेक्ट्रॉन तापमान सुमारे ९,८६० केल्व्हिन येते आणि त्यानुसार ऑक्सिजनचे प्रमाण, बारा अधिक लॉगॅरिदम (ऑक्सिजन व हायड्रोजन अणूंच्या संख्यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम, त्यात बारा मिळवून) या नेहमीच्या मापनात, ८.३० येते. नायट्रोजन आणि एच-अल्फा यांच्या गुणोत्तरावर आधारलेले पेटिनी व पेजेल यांचे २००४ मधील सूत्र वापरले तर ८.२९ येते. परंतु ३७२७, ४९५९ व ५००७ या रेषांची बेरीज भागिले एच-बीटा, म्हणजे ज्याला आर-२३ म्हणतात त्या राशीवरून, कोबुल्निकी व क्यूली यांच्या २००४ मधील सूत्राने उत्तर ८.७५ येते. साध्या भाषेत सांगायचे तर पहिल्या दोन पद्धतींनुसार दहा लाख हायड्रोजन अणूंमागे ऑक्सिजनचे सुमारे २०० अणू आहेत, आणि तिसरीनुसार ५६०. सूर्यासाठी हा आकडा ४९० च्या आसपास मानला जातो. म्हणजे हा मेघ सूर्याच्या तुलनेत गरीब आहे की श्रीमंत, एवढेही मला ठामपणे सांगता येत नाही.

दोन पद्धती जुळतात म्हणून तिसरी चुकीची मानून सोडून द्यावी, की माझ्या गणितातच कोठे चूक आहे?

उत्तर : निषिद्धरेषा

आपण आकडे पूर्ण दिलेत त्याबद्दल आभार. ते नसते तर या प्रश्नावर केवळ मतप्रदर्शन झाले असते. मी आपले गणित पुन्हा करून पाहिले. तिन्ही उत्तरे त्या त्या सूत्रानुसार बरोबर आहेत. मात्र दोन विरुद्ध एक असा कौल येथे घेता येत नाही, कारण आपल्या पहिल्या दोन पद्धती एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. पेटिनी व पेजेल यांनी आपले सूत्र बसवले ते प्रामुख्याने अशा एच-टू प्रदेशांवर, ज्यांतील ऑक्सिजन आधी तापमान मोजूनच काढलेला होता. जे प्रमाण मुळात ४३६३ रेषेच्या मापपट्टीवर आखले गेले, ते त्याच पट्टीशी जुळले यात नवल नाही. कोबुल्निकी व क्यूली यांच्या सूत्राची जातकुळी वेगळी आहे : ताऱ्यांच्या अतिनील प्रारणाने तापलेल्या वायूची संगणकीय प्रतिमाने तयार करून, त्या प्रतिमानांतील रेषांवरून ते सूत्र काढलेले आहे. म्हणून आपल्यासमोर तीन साक्षीदार नसून दोनच आहेत, आणि त्यांच्यात मतभेद आहे.

हा मतभेद कोठून येतो हे समजण्यासाठी ऑक्सिजनच्या रेषा चमकतात कशा, तेथून सुरुवात करावी लागेल. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला तेव्हा त्यांना सलग पट्टा न दिसता सुट्या रेषा दिसल्या, आणि त्यांतील हिरव्या रेषा ज्ञात असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेनात. त्यांच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. अखेर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की त्या रेषा दोनदा आयनीभूत ऑक्सिजनच्या असून, प्रयोगशाळेतील दाट वायूमध्ये त्या दिसण्यापूर्वीच अणूंच्या टकरींमुळे मरून जातात. विरळ मेघात मात्र उद्दीपित आयनाला पुढची टक्कर बसण्यापूर्वी सावकाश प्रकाश सोडण्याइतकी उसंत मिळते.

येथे कळीचा मुद्दा असा की या आयनाला उद्दीपित करतो तो इलेक्ट्रॉनचा धक्का. ५००७ रेषेसाठी आयनाला सुमारे २.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर चढावे लागते, तर ४३६३ रेषेसाठी ५.३. दहा हजार केल्व्हिनला इलेक्ट्रॉनची सरासरी ऊर्जा जेमतेम १.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. म्हणजे ही चढण सर्वांना पेलत नाही, वेगवान मूठभरांनाच पेलते, आणि ते मूठभर किती हे तापमानावर अत्यंत तीव्रतेने अवलंबून असते. परिणामी ५००७ रेषेची तीव्रता ही ऑक्सिजन किती आहे आणि वायू किती तापलेला आहे या दोहोंचे मिश्रण असते. हे मिश्रण सोडवण्यासाठीच ४३६३ लागते. विरळ वायूत ४९५९ व ५००७ यांची बेरीज ४३६३ च्या दहा हजार केल्व्हिनला साधारण २१० पट असते, आठ हजारांना ४८० पट आणि सहा हजारांना तब्बल १,९०० पट. एकदा तापमान कळले की ऑक्सिजनच्या प्रत्येक आयनाचे हायड्रोजनशी प्रमाण काढणे हे सरळ गणित आहे, आणि म्हणूनच या पद्धतीला ‘थेट’ असे नाव पडले. हे नाव थोडे फसवे आहे, त्याविषयी इतर जाणकार बोलतीलच.

थेट पद्धतीचा शाप असा की जेथे ऑक्सिजन अधिक, तेथेच ती लुळी पडते. ऑक्सिजनच्या रेषांमधून ऊर्जा बाहेर जाते म्हणून वायू थंड होतो. वायू थंड झाला की ४३६३ नाहीशी होते. त्यामुळे १९७९ मध्ये पेजेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ तेजस्वी रेषांवरून प्रमाण अदमासण्यासाठी आर-२३ ही राशी पुढे आणली. परंतु तीच शीतनाची क्रिया येथेही पाठ सोडत नाही. ऑक्सिजन फार थोडा असला की आर-२३ लहान असते. ऑक्सिजन वाढला की ती वाढते. आणखी वाढला की वायू थंड होऊन दृश्य प्रकाशातील रेषा मंदावतात, शीतनाचे काम दूर-अवरक्त रेषा करू लागतात आणि आर-२३ पुन्हा घसरते. एकाच आर-२३ ला दोन उत्तरे असतात, आणि त्यांतील कोणते निवडावे यासाठी नायट्रोजनची मदत घ्यावी लागते. आपली आर-२३ ची किंमत ६ आहे, म्हणजे आपला मेघ या टेकडीच्या माथ्याजवळच उभा आहे, जेथे वक्र जवळजवळ सपाट असतो आणि रेषांच्या मोजमापातील लहानशी चूकही उत्तर बरेच हलवते. हे सूत्र वापरण्यासाठी याहून गैरसोयीची जागा शोधूनही मिळाली नसती.

तेजस्वी रेषांच्या निरनिराळ्या सूत्रांची तुलना क्यूली व एलिसन यांनी २००८ मध्ये केली, तेव्हा एकाच दीर्घिकेसाठी उत्तरांमध्ये ०.७ डेक्सपर्यंत (डेक्स म्हणजे लॉगॅरिदममधील फरक, एक डेक्स म्हणजे दहापट), म्हणजे पाचपटीपर्यंत, तफावत आढळली. आपली तफावत ०.४५ डेक्स, म्हणजे सुमारे पावणेतीनपट आहे. ती क्लेशदायक असली तरी अपवादात्मक नाही.

उत्तर : फटीतून_पाहणारा

निषिद्धरेषा यांनी भौतिकी उत्तम मांडली आहे. मला काळजी आहे ती त्या १.८ या आकड्याची, कारण आपल्या संपूर्ण गणिताचा डोलारा एच-बीटाच्या दोन टक्क्यांहूनही दुबळ्या असलेल्या एका रेषेवर उभा आहे आणि आपण तिच्यातील त्रुटी किती हे लिहिलेले नाही.

समजा ती त्रुटी पंचवीस टक्के आहे. मध्यम प्रतीच्या वर्णपटात ती तेवढी सहज असते. मग ४३६३ ची तीव्रता १.३५ पासून २.२५ पर्यंत कोठेही असू शकते, तापमान सुमारे ९,१०० पासून १०,६०० केल्व्हिनपर्यंत, आणि ऑक्सिजन ८.४२ पासून ८.२० पर्यंत. एका बाजूला ०.१२ आणि दुसऱ्या बाजूला ०.१० अशी ही असमान पट्टी आहे. शिवाय दुबळ्या रेषांचे एक दुखणे सर्वांना ठाऊक असूनही अनेकदा विसरले जाते : गोंगाटाच्या जेमतेम वर डोके काढणारी रेषा जेव्हा ‘सापडली’ म्हणून नोंदली जाते, तेव्हा सरासरीने ती खऱ्यापेक्षा तेजस्वीच मोजली जाते, कारण गोंगाटाने जिला खाली ओढले ती रेषा नोंदीत येतच नाही. रेषा अधिक तेजस्वी, म्हणून तापमान अधिक, म्हणून ऑक्सिजन कमी, अशी ही चूक ठरावीक दिशेनेच जाते.

एम ३३ साठी आणखी एक खास सापळा आहे. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांचा प्रकाश आकाशात विखुरतो आणि त्याची एक रेषा ४३५८ अँगस्ट्रॉमला येते. बहुतेक दीर्घिका आपल्यापासून दूर जात असल्याने त्यांची ४३६३ रेषा तांबड्या बाजूला सरकून या दिव्याच्या रेषेपासून सुटते. एम ३३ मात्र आपल्याकडे सेकंदाला सुमारे १८० किलोमीटर वेगाने येत आहे, त्यामुळे तिची ४३६३ रेषा ४३६०.६ च्या आसपास दिसते. देवयानी दीर्घिकेची अवस्था याहून बिकट आहे. तिचा वेग सुमारे ३०० किलोमीटर असल्याने दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. आपल्या वर्णपटाची विभेदनक्षमता पाच-सहा अँगस्ट्रॉम असेल आणि आकाशाची वजाबाकी किंचित अपुरी असेल, तर आपण ऑक्सिजनमध्ये थोडा पाराही मोजला असण्याची शक्यता आहे.

आणखी दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. पहिली म्हणजे मेघाच्या पाठीमागे असलेल्या ताऱ्यांचा प्रकाश. त्यात हायड्रोजनच्या शोषणरेषा असतात. एच-गॅमाची शोषणरेषा ४३४० ला रुंद पसरलेली असते आणि तिच्या तांबड्या कडेवरून ४३६३ ची पायाभूत पातळी ठरवताना हात चुकतो. ताऱ्यांच्या प्रकाशाचे प्रतिमान आधी वजा करूनच रेषा मोजावी. एच-बीटाही याच शोषणामुळे कमी मोजली जाते, म्हणून आपले ३.४ हे गुणोत्तर पूर्णपणे धुळीचेच आहे असे गृहीत धरू नये. दुसरी गोष्ट वातावरणाच्या अपवर्तनाची. दुर्बीण क्षितिजाकडे झुकलेली असताना निळा आणि तांबडा प्रकाश वर्णपटमापकाच्या फटीवर निरनिराळ्या जागी पडतो. फट क्षितिजाला लंब दिशेत फिरवलेली नसेल, तर ३७२७ रेषेचा काही प्रकाश फटीबाहेरच राहतो आणि कोणतीही संगणकीय दुरुस्ती तो परत आणू शकत नाही. निरीक्षणाच्या वेळची फटीची दिशा संग्रहातील नोंदीच्या शीर्षकात सापडेल.

लोहाच्या दुबळ्या रेषेचा उल्लेखही करायला हवा. अधिक धातुतेच्या (म्हणजे हायड्रोजन व हीलियमहून जड मूलद्रव्ये जास्त असलेल्या) मेघांत ४३६० च्या सुमारास एकदा आयनीभूत लोहाची रेषा ४३६३ मध्ये मिसळते. आपल्या मेघात तिचा प्रभाव बहुधा लहान असेल, पण केंद्राकडील मेघ हाताळताना ती विसरू नये.

उत्तर : पुनःसंयोग

वरील दोन्ही उत्तरांमध्ये एक गृहीतक चर्चेविना पुढे सरकले आहे, ते म्हणजे ४३६३ नीट मोजली की उत्तर खरे मिळते. मला हे मान्य नाही. रेषा अचूक मोजूनही थेट पद्धत ऑक्सिजन कमी दाखवते, असे मानण्यास सबळ कारणे आहेत.

मेघातील वायूचे तापमान सर्वत्र सारखे असते असे आपण गणितात धरतो. ते तसे नसेल, तर ४३६३ रेषा तिच्या उंच पातळीमुळे गरम भागांतून अवाजवी प्रमाणात येईल, थंड भाग तिच्यात जवळजवळ दिसणारच नाही, आणि आपण काढलेले तापमान हे मेघाचे सरासरी तापमान नसून गरम भागांकडे झुकलेले तापमान असेल. ते अधिक धरल्याने ऑक्सिजन कमी निघेल. मॅन्युएल पेइम्बर्ट यांनी १९६७ मध्ये हा विचार सूत्रबद्ध केला आणि तापमानाच्या चढउतारांसाठी टी-वर्ग हे परिमाण रूढ केले.

या शंकेची कसोटी पाहण्याचा एक स्वतंत्र मार्ग आहे. आयन जेव्हा मुक्त इलेक्ट्रॉन पकडतो, तेव्हा तो पायरी-पायरीने खाली येताना पुनःसंयोग रेषा सोडतो. हायड्रोजनच्या सर्व परिचित रेषा याच जातीच्या आहेत. ऑक्सिजनच्याही अशा रेषा ४६५० अँगस्ट्रॉमच्या आसपास असतात, आणि त्यांची तापमानावरील भिस्त हायड्रोजनच्या रेषांसारखीच सौम्य असल्याने दोहोंचे गुणोत्तर घेतले की तापमान जवळजवळ रद्दच होते. अडचण एवढीच की या रेषा एच-बीटाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असतात, त्यामुळे मोठी दुर्बीण आणि उजळ मेघ असल्याशिवाय त्या हाती लागत नाहीत. जेथे लागल्या आहेत, तेथे एच-टू प्रदेशांत त्या थेट पद्धतीच्या साधारण दुप्पट ऑक्सिजन दाखवतात. मृग नक्षत्रातील महातेजोमेघ तर आपल्या दारातला आहे, तेथेही ही तफावत आढळते. आपल्या ८.३० मध्ये ०.३ मिळवून पाहा, उत्तर ८.६ येते, आणि मग प्रतिमानांवर आधारलेले ८.७५ इतके विचित्र वाटत नाही.

मेंडेझ-डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मेघाच्या आतल्या, अधिक आयनीभूत भागात असे चढउतार असल्याचे पुरावे मांडले आहेत. त्यांच्या मते नायट्रोजनच्या ५७५५ रेषेवरून मिळणारे तापमान या चढउतारांनी फारसे बिघडत नाही, बिघडते ते ऑक्सिजनच्या ४३६३ वरून मिळणारे.

उत्तर : निषिद्धरेषा

पुनःसंयोग यांचा आक्षेप रास्त आहे आणि मी तो मुद्दामच त्यांच्यासाठी ठेवला होता. तरीही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगितले पाहिजे. २०२३ मध्येच मार्केरियन ७१ या मेघावर ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑक्सिजनच्या ५२ आणि ८८ मायक्रोमीटरच्या दूर-अवरक्त रेषा वापरल्या आहेत. या रेषांसाठी आयनाला इतके थोडे चढावे लागते की तापमानाचा त्यांच्यावर नगण्य परिणाम होतो. म्हणजे पुनःसंयोग रेषांचा गुण त्यांच्यातही आहे. तेथे अवरक्त रेषांचे उत्तर थेट पद्धतीशी जुळले आणि तापमानाच्या चढउतारांनी तफावतीचा उलगडा होत नाही असा निष्कर्ष निघाला. एका मेघावरून सर्व मेघांचा न्याय करू नये हे मान्य, पण वाद मिटला असेही म्हणता येत नाही.

तिसरा साक्षीदार ताऱ्यांचा आहे. निळे महाराक्षसी तारे इतके तरुण असतात की त्यांच्या पृष्ठभागावरील धातू म्हणजे आजच्या वायूतीलच धातू. एनजीसी ३०० या दीर्घिकेत ताऱ्यांवरून काढलेली धातुता आणि थेट पद्धतीने काढलेला ऑक्सिजन केंद्रापासून कडेपर्यंत चांगले जुळतात. सूर्याइतक्या किंवा त्याहून श्रीमंत परिसरात मात्र, उदाहरणार्थ एम ८३ च्या अंतर्भागात, थेट पद्धत ताऱ्यांच्या खाली राहते. माझा स्वतःचा कल असा आहे की आपल्या मेघासारख्या, सूर्याच्या निम्म्याच्या आसपास असलेल्या वायूसाठी थेट पद्धत अधिक विश्वासार्ह आहे, आणि धातुता वाढत जाईल तसा तिच्यावरील विश्वास कमी करत जावा. पुनःसंयोग यांना हा कल पटणार नाही याची मला कल्पना आहे.

तुलना करताना आणखी एक भान हवे. वायूतील ऑक्सिजनचा काही भाग धुळीच्या कणांमध्ये अडकलेला असतो आणि तो कोणत्याही रेषेत दिसत नाही. ताऱ्यांशी ताडून पाहताना त्यासाठी साधारण ०.१ डेक्स मिळवण्याची प्रथा आहे. शिवाय ज्याच्याशी आपण तुलना करतो तो सूर्यही स्थिर नाही. १९८९ मध्ये त्याचा ऑक्सिजन ८.९३ मानला जात होता, २००९ पासून ८.६९ अधिक प्रचलित आहे. जुन्या लेखातील ‘सूर्याच्या निम्मा’ आणि नव्या लेखातील ‘सूर्याच्या निम्मा’ यांत पावणेदोनपटीचे अंतर असू शकते. म्हणून प्रमाण नेहमी बारा अधिक लॉगॅरिदमच्या रूपातच लिहावे, सूर्याचा हवाला नंतर द्यावा.

प्रतिसाद : शिकाऊ_वेधक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फटीतून_पाहणारा यांनी सांगितल्याप्रमाणे मी पुन्हा सुरुवातीपासून मोजमाप केले. वर्णपटाची विभेदनक्षमता सुमारे साडेपाच अँगस्ट्रॉम निघाली आणि आकाशाच्या मूळ नोंदीत ४३५८ ला पाऱ्याची ठळक रेषा होती. मेघापासून दूरच्या रिकाम्या भागावर तिचा अवशेष किती उरतो ते मोजून मी तो वजा केला, आणि ताऱ्यांच्या प्रकाशाचे प्रतिमानही वजा केले. ४३६३ ची तीव्रता १.८ वरून १.४ वर आली, त्रुटी ०.३ आहे. तापमान सुमारे ९,१७० केल्व्हिन आणि ऑक्सिजन ८.४० येतो, म्हणजे दहा लाखांमागे अडीचशे अणू. एच-बीटा किंचित वाढल्यामुळे धुळीची दुरुस्तीही थोडी कमी झाली, पण त्याने उत्तर फारसे हलले नाही. फटीची दिशा नोंदीत योग्य दाखवली आहे.

म्हणजे ज्या दोन पद्धती माझ्या मते ‘जुळत’ होत्या, त्यांच्यातही आता ०.११ चे अंतर पडले आहे, आणि गंमत अशी की त्यामुळे मला आता माझ्या आकड्यावर आधीपेक्षा अधिक विश्वास वाटतो. आता दोन शंका उरतात. नायट्रोजनच्या सूत्राने उत्तर खाली का दिले? आणि मला पुढे याच दीर्घिकेतील दहा-बारा मेघ घेऊन केंद्राकडून कडेपर्यंत ऑक्सिजन कसा उतरतो हे पाहायचे आहे. सर्वांत ४३६३ मिळेलच असे नाही, तर जेथे ती मिळत नाही तेथे आर-२३ वापरता येईल का?

उत्तर : फटीतून_पाहणारा

दुसऱ्या शंकेचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. काही मेघ एका मापपट्टीने आणि काही दुसऱ्या पट्टीने मोजले, तर केंद्राकडील श्रीमंत मेघांत ४३६३ सापडणार नाही, तेथे आपण प्रतिमानांची पट्टी लावाल आणि ती ०.३-०.४ ने वर असल्याने केंद्र-कडा यांतील उतार कृत्रिमरीत्या तीव्र दिसेल. सर्व मेघांवर एकच तेजस्वी-रेषा सूत्र चालवा, आणि ज्यांत ४३६३ आहे त्यांवर थेट पद्धतही चालवून दोन्ही उतार वेगवेगळे दाखवा. निरपेक्ष पातळीबद्दल पद्धतींचे भांडण असले, तरी एकाच पद्धतीतील दोन मेघांमधील फरक बऱ्याच अंशी टिकतो.

एम ३३ ही निवड या कामासाठी योग्य आहे. लॉरेन्स अ‍ॅलर यांनी १९४२ मध्येच नोंदवले होते की या दीर्घिकेत केंद्रापासून दूर जावे तशी एच-बीटाच्या तुलनेत ऑक्सिजनची हिरवी रेषा बळावते. ऑक्सिजनची रेषा बळावते म्हणून ऑक्सिजन वाढतो असे वाटणे साहजिक आहे, पण १९७१ मध्ये लिओनार्ड सर्ल यांनी सर्पिल दीर्घिकांतील अशा कलाचा संबंध रासायनिक घडणीशी जोडला, आणि तो उलटा आहे : कडेला ऑक्सिजन कमी, म्हणून वायू गरम, म्हणून रेषा तेजस्वी. आपण आर-२३ च्या टेकडीच्या माथ्याकडे श्रीमंत बाजूने चढत आहात हे त्यामुळे ध्यानात राहील.

पार्श्वभूमीच्या विरळ आयनीभूत वायूचीही दखल घ्यावी. मेघांच्या मधल्या जागेतही मंद चकाकी असते, तिच्यात नायट्रोजन आणि गंधकाच्या रेषा एच-अल्फाच्या तुलनेत जास्त असतात. दुबळ्या मेघांत तिची भेसळ झाली तर नायट्रोजनचे सूत्र ऑक्सिजन वाढवून दाखवते.

उत्तर : निषिद्धरेषा

पहिल्या शंकेविषयी. नायट्रोजनचे सूत्र खरे तर ऑक्सिजन मोजतच नाही. ते नायट्रोजनची रेषा पाहते आणि ‘साधारणपणे एवढ्या नायट्रोजनसोबत एवढा ऑक्सिजन असतो’ असा आडाखा बांधते. ऑक्सिजन येतो तो मुख्यतः अल्पायुषी, जड ताऱ्यांच्या स्फोटांतून. नायट्रोजनचा बराचसा भाग मध्यम वजनाच्या ताऱ्यांमध्ये, आधीपासून असलेल्या कार्बन व ऑक्सिजनचे रूपांतर होऊन तयार होतो आणि उशिरा बाहेर पडतो. त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर दीर्घिकेच्या तारानिर्मितीच्या इतिहासावर अवलंबून असते. आपल्या मेघात नायट्रोजन त्या मानाने थोडा कमी असेल, किंवा आयनीभवन थोडे अधिक असेल, तर हे सूत्र खालचे उत्तर देईल. शिवाय ०.१ चे अंतर त्या सूत्राच्या स्वतःच्या विखुरलेपणात सहज सामावते, त्यामुळे त्याचे फार मनावर घेऊ नये.

नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे गुणोत्तर मात्र आपण थेट काढू शकता, आणि अवश्य काढा. एकदा आयनीभूत नायट्रोजन भागिले एकदा आयनीभूत ऑक्सिजन हे गुणोत्तर पूर्ण मूलद्रव्यांच्या गुणोत्तराइतकेच आहे असे मानण्याची पेइम्बर्ट व कोस्टेरो यांच्यापासून चालत आलेली रीत आहे. दोन्ही आयन मेघाच्या जवळपास एकाच थरात असतात आणि दोन्ही रेषा तापमानाला बऱ्याच अंशी सारखाच प्रतिसाद देतात, म्हणून ज्या तापमानाने आपल्याला एवढे छळले त्याचा त्रास येथे पुष्कळ कमी होतो. ऑक्सिजनचे निरपेक्ष प्रमाण ज्या मेघात डळमळीत आहे, तेथेही हे गुणोत्तर ठीक उभे राहते. फक्त ३७२७ आणि ६५८४ या दोन रेषा वर्णपटाच्या दोन टोकांना असल्याने धुळीची दुरुस्ती येथे निर्णायक ठरते.

उत्तर : पुनःसंयोग

माझे मत निषिद्धरेषा यांच्यासाठी बदलणार नाही, पण शिकाऊ_वेधक यांच्यासाठी एक व्यवहार्य सूचना आहे. आपल्या मेघात नायट्रोजनची ५७५५ रेषा या तापमानाला एच-बीटाच्या एक टक्क्याच्याही पाव भागाइतकी असेल, ती या वर्णपटात मिळणार नाही. गंधकाची ६३१२ रेषा मात्र ४३६३ च्या मानाने थंड वायूतही टिकून राहते. तिच्यावरून तापमान काढण्यासाठी ९०६९ व ९५३२ या अवरक्ताच्या उंबरठ्यावरील रेषा हव्यात. संग्रहात त्याच मेघाचा तांबड्या टोकापर्यंत जाणारा दुसरा वर्णपट आहे का ते शोधा. वातावरणातील पाण्याच्या वाफेचे शोषण या पट्ट्यात असते, म्हणून दोनपैकी जी रेषा शाबूत असेल तिच्यावरूनच दुसरी काढावी, कारण ९५३२ ची तीव्रता ९०६९ च्या सुमारे अडीचपट असते हे अणुभौतिकीनेच ठरलेले आहे. गंधकाचे तापमान ९,१७० च्या बरेच खाली आले, तर येथे पुन्हा लिहा. मग आपल्याला बोलण्यासारखे पुष्कळ असेल.